पाहुण्यांसाठी नको, रोज दहा मिनिटे द्या

आपल्या शाळेच्या फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दोन्ही बाजूंनी फुलझाडांचे वाफे आहेत. वाफ्यांच्या कडेला तिरप्या विटा रोवल्या आहेत. त्यांना गेरू आणि चुना लावला की फार छान दिसतं. पण कधी? १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला. बाकीचे दिवस विटा गवतात बुडालेल्या असतात. मला हे बरोबर वाटत नाही. का, ते सांगतो.

यंदा १४ ऑगस्टला दुपारी आमचा वर्ग वाफे साफ करायला लागला. उद्या पाहुणे येणार म्हणून सगळी घाई. मी आणि माझ्या तीन मित्रांनी फाटकाजवळची कड घेतली. जे हिरवं दिसलं ते उपटलं. अर्ध्या तासात कड चकाचक! आम्ही खूश झालो. मग हाताला वास आला. तो झेंडूचा होता. जुलैत आम्हीच तिथे मागच्या दसऱ्याच्या वाळलेल्या फुलांचं बी टाकलं होतं. गाजरगवतासोबत ती रोपंही गेली. दसऱ्याला वर्गाच्या दाराला आपल्याच फुलांचं तोरण लावायचं ठरलं होतं. ते राहिलं.

घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "अरे बाबू, तू तं पीकच निंदून टाकलं! आधी ओळखाव, मंग उपटाव." आई हसली. ती सोयाबीनच्या निंदणाला जाते. शेतात एकदाच निंदून कोणी घरी बसत नाही. एक निंदण झालं की डवरणी, मग पुन्हा निंदण. वाफ्याचंही तसंच आहे.

आता मी ओळखायला शिकलो. झेंडूच्या पानात देठाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी छोटी पानं असतात. त्यांना करवतीसारखे दाते असतात. गाजरगवताचं पान गाजराच्या पाल्यासारखं कातरलेलं असतं आणि त्यावर बारीक लव असते. गुरुजींनी सांगितलं की हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि मग देशभर पसरलं. त्याने अंगाला खाज सुटते. म्हणून हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून, पांढरी फुलं येण्याआधी, मुळासकट उपटायचं. फुलं आल्यावर उपटलं तर हजारो बिया तिथेच सांडतात. मग आपण साफ केलं की पेरलं?

दुसरी गोष्ट पाण्याची. आपला भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. हा पट्टा अकोला, अमरावती आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. इथे जमिनीतलं पाणी खारट. तेच रोज घातलं की माती टणक होते, वर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा जळतात. म्हणून बाटलीत उरलेलं पिण्याचं पाणी फेकू नका. खिचडीचे तांदूळ धुतलेलं पाणीही झाडाच्या आळ्यात घाला.

काही जण म्हणतात, पोरं शाळेत शिकायला येतात, माती उकरायला नाही. पण हिशेब करा. आमच्या वर्गात २४ मुलं आहेत. चौघांची एक टोळी केली तर ६ टोळ्या होतात. सोमवार ते शनिवार एकेका टोळीने फक्त १० मिनिटं द्यायची. एकाच्या वाट्याला आठवड्यातून एकच दिवस येतो. यात अभ्यास बुडत नाही. उलट १४ ऑगस्टला आमची अख्खी दुपार गेली होती.

शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात आपण सगळे जातो. तिथे सेवाधारी दिवसभर झाडत असतात, पुसत असतात. म्हणून कधीही जा, मंदिर स्वच्छच दिसतं. पाहुणे येणार म्हणून तिथे वेगळी घाई नसते, कारण तिथे रोजच पाहुणे असतात. मग आपल्या शाळेत रोज येणारे आपण कोण? आपणच आपले पाहुणे नाही का?

मित्रांनो, उद्यापासून टोळ्या करू. आईबाबांना आणि काकाकाकूंना माझी विनंती आहे. शाळेत येताना घरचं एक टोपलं शेणखत आणा आणि जाताना फाटकाची कडी लावा, नाहीतर बकऱ्या आत येतात. मी या दसऱ्याच्या फुलांचं बी जपून ठेवलं आहे. पुढच्या वर्षी मी पाचवीत जाईन, पण तोरण चौथीच्या दाराला लागलंच पाहिजे.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी