'परत' म्हणायला लावणारं गाणं

लहान मुलांसाठी गाणी हवी असली तर आज तोटा कसला? मोबाइलवर 'मराठी बालगीते' एवढं लिहिलं की दीड-दीड, दोन-दोन तासांचे व्हिडिओ पुढ्यात येतात. रंगीत हत्ती, डोळे मोठे केलेली बाहुली, मागे कॉम्प्युटरवर वाजवलेला एकच ठेका. मूल गप्प बसतं आणि आपलं काम उरकतं. मग प्रश्नच काय उरला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असं: मूल गप्प बसतं, हाच तर प्रश्न आहे. गाणं लावल्यावर मुलाने गप्प बसायचं नसतं, गायचं असतं.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या मंडळाच्या अंकात भाषेच्या भवितव्यावर दर वर्षी दोन तरी लेख असतात. मी तोच विषय घेतेय, पण जरा खालून, म्हणजे अगदी जमिनीवर बसून. माझ्या भावाची मुलगी चार वर्षांची आहे. आमचं घर गोव्यातल्या पुष्कळ घरांसारखंच. बोलणं कोकणीतून, आरती-भजन-नाटक मराठीतून आणि केजी इंग्रजीतून. तिच्यासाठी गाणी शोधायचं काम घरात माझ्याकडे आहे, कारण 'तू मराठी घेतलंयस ना, मग तूच बघ' असा आईचा हुकूम. गेलं वर्षभर ते करताना माझी जी मतं झाली ती इथे मांडते.

पहिलं मत. आपल्याकडे मराठी मुलाच्या कानात आधी गाण्यातून शिरते, बोलण्यातून नंतर. चवथीला घरोघरी घुमट-आरती होते. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं ताणलेलं. सोबत शामेळ आणि कासाळे. आमची चिमुरडी तीन वर्षांची होती तेव्हा स्टीलची ताटली आणि चमचा घेऊन त्या घोळक्यात बसली. शब्द एक कळत नव्हता, पण ठेका सोडला नाही. पुढे चार दिवस अंघोळीच्या वेळी बादलीवर तीच आरती चालू! तिला मराठी कुणी 'शिकवली' नव्हती. ती ताटलीतून आली. हे दार उघडं आहे तोवर मराठी आत येत राहील. पण त्याच वयात तिच्या दिवसभराच्या गाण्यांतून मराठी नाहीशी झाली, तर वर्षातून एक चवथ किती पुरणार?

इंग्रजी ऱ्हाइम्सना माझा विरोध नाही. त्यांतल्या कितीतरी मस्त आहेत, हातवारे करत म्हणायला मजा येते. कोकणी गाणी तर हवीतच, ती घरचीच. माझं म्हणणं एवढंच की तीन भाषांत वाढणाऱ्या मुलाला तिन्ही भाषांत खेळायला मिळावं. एका भाषेत खेळ आणि दुसरीत फक्त देवपूजा अशी वाटणी झाली, तर मूल कुठली भाषा जवळ करणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरं मत वयाविषयी. 'वयाला शोभणारं गाणं' म्हटलं की लोकांना लगेच संस्कार आठवतात. हात धुवा, दात घासा, खोटं बोलू नका. अशी गाणी वाईट नसतात, पण मुलांना ती फार वेळ पुरत नाहीत. मोठ्यांना उपदेशाचा जेवढा कंटाळा, तेवढाच मुलांनाही. मी जे पाहिलं त्यावरून साधारण असं दिसतं. वर्षभराच्या आतलं मूल गाणं अंगाने ऐकतं. मांडीवरचे झोके, पाठीवरचं थोपटणं, तळहातावर फिरणारं बोट आणि शेवटी काखेत गुदगुली. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तेच तेच परत हवं असतं आणि हातवारे हवे असतात. चार-पाचच्या मुलाला गोष्ट हवी असते, आणि त्याहून जास्त हवा असतो वेडेपणा: उलटंपालटं जग, बोलणारे प्राणी, अर्थ नसलेले पण तोंडात घोळवावेसे वाटणारे शब्द. सहा-सातच्या मुलाला मग ताल सांभाळायला, एकाने म्हणून दुसऱ्याने उत्तर द्यायला आवडतं.

यात गळ्याचाही भाग आहे, आणि तो आपण अगदीच विसरतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला सहज गाता येतात ते साधारण पाच-सहा सूर. म्हणून तर आज्यांच्या जुन्या बडबडगीतांची चाल तीन-चार सुरांतच फिरते. ती गरिबी नव्हे, ते मापाने शिवलेलं झबलं आहे. सिनेमाचं गाणं सप्तकभर वर-खाली जातं. मूल ते गाऊ शकत नाही. मग ते गाणं सोडून देतं आणि नुसतं नाचतं.

नाचण्यावरून एक सांगायलाच हवं. एका केजीच्या गॅदरिंगला मी गेले होते. चार-चार वर्षांच्या मुली ओठ रंगवून एका सिनेमाच्या गाण्यावर कंबर हलवत होत्या. गाणं प्रियकराला उद्देशून. मागून काका लोकांच्या शिट्ट्या. एक मुलगी मधेच थांबून रडायला लागली, तर तिला विंगेतून हात करून परत नाचायला लावलं. यात मला कुणाच्या नीतीची पहारेदारी करायची नाही. सिनेमाची गाणी मीही ऐकते, बसमध्ये मोठ्याने म्हणते. पण मुलं फार हुशार असतात. कुठल्या हावभावाला मोठी माणसं टाळ्या वाजवतात हे त्यांना एका दिवसात कळतं, आणि त्या हावभावाचा अर्थ मात्र त्यांच्यापासून दहा वर्षं लांब असतो. आपण त्यांना अर्थाशिवाय टाळ्या शिकवतो. मला हे बरोबर वाटत नाही आणि 'अगं, लहान आहेत, त्यांना काय कळतं' हे उत्तर तर मुळीच पटत नाही. लहान आहेत म्हणूनच तर!

तिसरं मत आवाजाचं आणि पडद्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासाहून जास्त पडद्यापुढे बसून राहू नये, कमी तेवढं चांगलं. त्याच संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा मापदंड मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, तर मुलांसाठी ७५ डेसिबल. म्हणजे मुलाचा कान वेगळा धरलाय. आणि आपण मुलांना वाढदिवसाला कुठे उभं करतो? स्पीकरच्या भिंतीपुढे. मूल कानावर हात ठेवतं आणि आपण म्हणतो, 'लाजतेय!'

आता कुणी म्हणेल, टीका पुरे, चांगलं काय ते सांग. चांगलं आपल्याकडे आहे, आणि थोडं नाही. १९५३ साली 'देवबाप्पा' नावाचा सिनेमा आला. त्यातलं 'नाच रे मोरा' गदिमांनी लिहिलं, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशाबाईंचा. सत्तर वर्षं उलटली तरी आमच्या घरातल्या चार वर्षांच्या बाईसाहेब ते म्हणतात. 'सांग सांग भोलानाथ' पाडगावकरांचं. त्याला चाल लावली मीना खडीकरांनी आणि ते गाऊन घेतलं मुलांकडूनच, त्यांत त्यांची स्वतःची मुलं होती. मीनाताई म्हणजे मंगेशकर भावंडांतल्या, वडील दीनानाथ आपल्या मंगेशीचे. म्हणजे मराठी बालगीतांच्या या मोठ्या ठेव्याचं एक मूळ आपल्या फोंडा तालुक्यात आहे, हे निदान आपण तरी विसरू नये. मुलांची गाणी मुलांच्या गळ्यातून आली म्हणून ऐकणाऱ्या मुलाला वाटतं, अरे, हे मलाही जमेल. मोठ्या बाईने नाकातून बारीक आवाज काढला म्हणजे ते मुलाचं गाणं होत नाही.

तर मग अडचण कुठे? अडचण ही की आपण तिथेच थांबलो. मोर, आगगाडी, चॉकलेट ही गाणी आमच्या आईने म्हटली, आम्ही म्हटली, आता भाची म्हणतेय. छानच आहे. पण तिच्या रोजच्या जगातलं गाणं कुठे आहे? सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की ती अंथरुणातून उठून धावते. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट म्हणजे तिच्या लेखी जगातलं आठवं आश्चर्य. चवथीला माटोळीकडे मान वर करून ती विचारत राहते, 'आत्या, हे काय? ते काय?' नारळ, सुपारी, चिबूड, तोरिंजन. नुसती नावं ठेक्यात म्हटली तरी अर्धं गाणं तयार! मी तिच्यासाठी तसं केलं. चार ओळी, तीन सूर, शेवटी माटोळीतलं एक फळ धप्पकन खाली पडतं. फार थोर काव्य नव्हे. पण धप्पकन झालं की ती हसून लोळते आणि म्हणते, 'परत!'

हे 'परत' मला आजवर मिळालेल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटतं. आणि गाणं निवडायची कसोटीही मी तिथेच ठेवलीय. मोबाइल बंद झाल्यावर मूल ते गाणं स्वतः म्हणतं का? म्हणताना कुणाकडे तरी बघतं का, म्हणजे आजीकडे, भावाकडे, निदान बाहुलीकडे? आणि संपल्यावर 'परत' म्हणतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर गाणं वयाला शोभतं. मग ते सत्तर वर्षांपूर्वीचं असो, कालचं असो, कोकणी असो की इंग्रजी. मोबाइलवर गाणं सापडलं तर त्यालाही माझी ना नाही. मी आधी ते स्वतः शिकते, मग मोबाइल उपडा ठेवून तिला म्हणून दाखवते. बेसूर असलं तरी चालतं, माझा गळा काही खास नाही. मुलाला उत्तम गायिका नको असते, समोर बसलेलं माणूस हवं असतं.

आपल्या मंडळात 'बालगीत म्हणजे साहित्य नव्हे' असं मानणारे आहेत, हे मला माहीत आहे. काव्यवाचनाला विरह चालतो, पाऊस चालतो, क्रांती तर फारच चालते, पण फेरीबोटीवरचं बडबडगीत कुणी वाचलं तर मागच्या बाकावर हसू पिकतं. त्यांना मी एवढंच सांगेन की २००३चा ज्ञानपीठ ज्यांना मिळाला त्या विंदा करंदीकरांनी 'एटू लोकांचा देश' लिहिला, आणि गंभीर कविता लिहिणारा हाच कवी मुलांसाठी लिहीत राहिला. शिवाय एकदा लिहून बघा. जोडाक्षरांची गर्दी नको, ओळ एका दमात बसायला हवी, यमक ओढूनताणून आणलेलं नको, आणि उपदेश दिसला की मूल उठून जातं. मुक्तछंदात जे लपतं ते इथे लपत नाही.

म्हणून यंदा मंडळाने तीन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. एक, प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या आजीकडून एक तरी बडबडगीत, अंगाई किंवा फुगडीचं गाणं मोबाइलवर नुसत्या आवाजात टिपून आणावं. कुठल्या गावचं, कधी म्हणत, हेही लिहावं. या आज्या कायमच्या पुरणार नाहीत. दोन, वार्षिक काव्यस्पर्धेत बालगीताचा वेगळा गट ठेवावा, आणि परीक्षक म्हणून प्राध्यापकांना नको, एका अंगणवाडीतल्या मुलांना बसवावं. ज्या गाण्याला जास्त वेळा 'परत' मिळेल त्याला पहिलं बक्षीस. तीन, महिन्यातून एक शनिवार चार-पाच जणांनी त्याच अंगणवाडीत जाऊन तासभर गावं. स्पीकर नको, माइक नको. एक घुमट मिळालं तर उत्तम, नाही तर ताटली-चमचा आहेच.

मराठी टिकेल की नाही यावर परिसंवाद होत राहतील, होऊ देत. पण चार वर्षांच्या मुलाला त्या परिसंवादातलं काही कळणार नाही, आणि आणखी पंधरा वर्षांनी या मंडळात यायचं की नाही हे ठरवणार आहे तेच मूल. त्याला आत्ताच काहीतरी गमतीचं द्यायला हवं.

माटोळीचं गाणं मी पुढच्या बैठकीला घेऊन येते. तुम्ही तुमचं आणा. आणि घरात, शेजारात कुणी चार-पाच वर्षांचं असेल, तर त्यालाही बोट धरून घेऊन या. निकाल तेच देईल.