खिशातला चाकू

आपल्या घरी कोयता, विळा, खुरपे सगळं असतं. खिशात मात्र कामाचा चाकू क्वचित. मग खताच्या पोत्याची शिवण दातानं उसवायची आणि ठिबकची नळी दगडानं ठेचायची! युरियाला दात लावणं बरं नव्हे.

घडीचा चाकू जरूर घ्यावा, पण दहा हत्यारांचा नको. त्यातली इवलीशी कात्री आपल्याला कशाला? बंडीचा खिसा तेवढा ओघळतो.

आमच्या मते पाहायचं ते एकच : उघडल्यावर पातं पक्कं अडकतं का? न अडकणारं पातं जोर लावताच मिटतं, आणि मिटतं ते आपल्याच बोटांवर. फ्रान्सच्या सावोय भागात ओपिनेल नावाचा साधा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून होतो. १९५५ मध्ये त्याला फिरती कडी बसली; ती फिरवली की पातं हलत नाही. आठ नंबरच्या चाकूचं पातं साडेआठ सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. तोच घ्या असं नव्हे, पण दुकानात अशी कडी किंवा खटका मागून पाहा.

साधं पोलाद गंजतं खरं, पण घरच्या दगडावर धार धरतं. उसाचा रस लागला की पुसून तेलाचं बोट फिरवावं. आणि परक्या फडात ऊस कापून चाखलात, तर आपल्या रानात शिरण्यापूर्वी पातं जंतुनाशकानं पुसा. खोडवा खुरटण्याचा रोग पात्यावरच्या रसातूनही पसरतो.