विश्लेषण : युद्ध युक्रेनमध्ये, मग तोफगोळे वॉशिंग्टनमध्ये का अडकले?

बहुमत सभागृहात होते, पक्षात नव्हते. २०२४ मधील त्या सहा महिन्यांनी संसदीय व्यवस्थेबद्दल काय शिकवले?

एप्रिल २०२४. युरोपातील अमेरिकी फौजांचे तत्कालीन प्रमुख जनरल क्रिस्तोफर कॅव्होली यांनी अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या समितीपुढे एक साधा हिशेब मांडला. रशिया पाच तोफगोळे डागतो तेव्हा युक्रेन एक डागू शकतो. मदत आली नाही तर काही आठवड्यांत हे प्रमाण दहास एक होईल. दुसऱ्याच दिवशी, ११ एप्रिलला, कीव्हजवळचे त्रिपिल्या औष्णिक वीज केंद्र रशियन हल्ल्यात उद्ध्वस्त झाले. अकरा क्षेपणास्त्रे आली, पहिली सात पाडली, उरलेल्या चारांसाठी आमच्याकडे क्षेपणास्त्रेच उरली नव्हती, असे अध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी नंतर सांगितले.

त्या वेळी मदतीचा प्रस्ताव अमेरिकी काँग्रेसपुढे येऊन जवळपास सहा महिने झाले होते.

हा पैसा येतो कुठून?

अमेरिकी राज्यघटनेनुसार काँग्रेसच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून एक डॉलरही काढता येत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केल्यानंतर युक्रेनसाठी वेळोवेळी पुरवणी निधी मंजूर झाला. आपल्या विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्यांसारखाच हा प्रकार. मे २०२२ मध्ये सुमारे ४० अब्ज डॉलरचे विधेयक प्रतिनिधिगृहात ३६८ विरुद्ध ५७ मतांनी संमत झाले. तेव्हा कुणी फारशी खळखळ केली नव्हती.

अमेरिकी अध्यक्षांकडे दुसरा मार्गही आहे. १९६१ च्या परकीय मदत कायद्याखाली ते लष्कराच्या साठ्यातील शस्त्रे थेट काढून देऊ शकतात. पण त्याची नेहमीची मर्यादा वर्षाला १० कोटी डॉलर. युक्रेनसाठी ती काँग्रेसने वाढवून अब्जावधींवर नेली. शिवाय दिलेल्या शस्त्रांच्या जागी नवी घेण्यासाठी पैसा पुन्हा काँग्रेसकडूनच येतो. गोदामाची किल्ली अध्यक्षांकडे, पण गोदाम भरणार काँग्रेस.

मग अडले कुठे?

२० ऑक्टोबर २०२३ रोजी अध्यक्ष जो बायडेन यांनी सुमारे १०६ अब्ज डॉलरची मागणी पाठवली. त्यात युक्रेनसाठी सुमारे ६१ अब्ज होते. उरलेल्या रकमेत इस्रायल, हिंद-प्रशांत क्षेत्र आणि अमेरिकेची दक्षिण सीमा होती. रिपब्लिकन नेत्यांनी अट घातली : आधी आपली सीमा, मग युक्रेनची. सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सीमाविषयक तडजोड तयार झाली. डोनाल्ड ट्रम्प यांनी तिला विरोध केला आणि ज्यांनी अट घातली होती त्यांच्यातल्याच बहुतेकांनी ती तडजोड बुडवली.

त्यानंतर सीमेचा भाग वगळून सिनेटने १३ फेब्रुवारीला ९५ अब्ज डॉलरचे विधेयक ७० विरुद्ध २९ मतांनी संमत केले. चारच दिवसांनी पूर्व युक्रेनमधील अवदीव्का शहर रशियाच्या ताब्यात गेले. प्रतिनिधिगृहात मात्र ते विधेयक मतदानालाच आले नाही.

इथे खरी गोम आहे. कोणते विधेयक सभागृहापुढे आणायचे, हे बव्हंशी अध्यक्षपदी बसलेली व्यक्ती, म्हणजे स्पीकर ठरवते. आपल्याच पक्षातील बहुसंख्य सदस्यांचा विरोध असेल तर रिपब्लिकन स्पीकर सहसा मतदान घेत नाहीत. त्यात आधीचे स्पीकर केव्हिन मॅकार्थी यांना ३ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वपक्षातील मूठभर बंडखोरांनी घरी पाठवले होते. त्यांच्या जागी आलेल्या माइक जॉन्सन यांच्या डोक्यावर तीच तलवार होती.

अखेर २० एप्रिलला जॉन्सन यांनी मतदान घेतले. युक्रेनच्या मदतीच्या बाजूने ३११ मते पडली, विरोधात ११२. त्या ३११ मध्ये डेमोक्रॅट २१० आणि रिपब्लिकन १०१. विरोधातील ११२ सगळे रिपब्लिकन. सिनेटच्या मंजुरीनंतर २४ एप्रिलला बायडेन यांनी सही केली. मागणीपासून सहीपर्यंत १८७ दिवस गेले. सिनेटच्या फेब्रुवारीतील मतदानापासून प्रतिनिधिगृहाच्या मतदानापर्यंतच ६७.

विरोधकांचे काहीच बरोबर नव्हते का?

होते. परक्या युद्धात करदात्यांचा पैसा किती दिवस ओतायचा, त्याचा हिशेब कोण ठेवणार, जिंकणे म्हणजे नेमके काय, हे प्रश्न लोकप्रतिनिधींनी विचारलेच पाहिजेत. त्या दबावामुळेच एप्रिलच्या कायद्यात ४५ दिवसांत युक्रेनविषयक धोरण सादर करण्याची अट आली आणि आर्थिक मदतीचा भाग कर्जरूपाने देण्याचे ठरले.

आणि सगळे खापर वॉशिंग्टनवर फोडणेही योग्य नाही. लष्करात बोलावण्याचे किमान वय २७ वरून २५ करणारे विधेयक युक्रेनच्या संसदेने मे २०२३ मध्येच संमत केले होते. झेलेन्स्की यांनी त्यावर सही केली एप्रिल २०२४ मध्ये. सैन्यभरतीचा मोठा कायदा चार हजारांहून अधिक दुरुस्त्यांच्या सूचनांमधून वाट काढत त्याच महिन्यात संमत झाला. गोळे कमी होते, तशी खंदकात माणसेही कमी होती.

पण चर्चा करणे वेगळे आणि मतदानच होऊ न देणे वेगळे. ‘आम्हाला हे मान्य नाही’ म्हणून विरोधात मत देणाऱ्या ११२ जणांशी माझे भांडण नाही. ज्या १८७ दिवसांत ना होकार मिळाला ना नकार, त्यांच्याशी आहे. स्पष्ट नकार आला असता तर युक्रेनने आणि युरोपने निदान दुसरी सोय पाहिली असती.

इंजिनीअरिंगला कंट्रोल सिस्टिम्स नावाचा विषय होता. त्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : यंत्रणेत नुसता विलंब घातला, तरी नीट चाललेले यंत्र बिघडू शकते. सिग्नल योग्यच असतो, पण पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते. त्रिपिल्याचे वीज केंद्र हे त्याचे उदाहरण. क्षेपणास्त्रांसाठी पैसे मंजूर झाले, केंद्र कोसळल्यावर दोन आठवड्यांनी.

मंजूर झाले म्हणजे पोहोचले का?

तेही नाही. मे २०२२ मध्ये ‘लेंड-लीज’ कायदा मोठ्या थाटात झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, अमेरिकेने मित्रराष्ट्रांना शस्त्रे पुरवली ती याच नावाच्या कायद्याखाली. २०२२ चा कायदा मात्र एकदाही न वापरता सप्टेंबर २०२३ अखेर संपला. मार्च २०२५ मध्ये तर ट्रम्प प्रशासनाने युक्रेनची लष्करी मदत आठवडाभर थांबवली आणि जेद्दा येथील चर्चेनंतर पुन्हा सुरू केली. दोन्ही वेळा काँग्रेसमध्ये मतदान झाले नाही. काँग्रेस पैसा देऊ शकते, अध्यक्षांचा हात धरून तो खर्च करवणे तिला अवघड जाते.

युरोपातही अडवणूक झाली. डिसेंबर २०२३ मध्ये हंगेरीने युरोपीय महासंघाची ५० अब्ज युरोची मदत रोखली. पण १ फेब्रुवारी २०२४ ला तोडगा निघाला आणि २०२४ ते २०२७ अशी चार वर्षांची तरतूद एकदम झाली. ती शस्त्रांसाठी नव्हती, मुख्यतः सरकार चालवण्यासाठी होती. तरी कीव्हच्या अर्थमंत्रालयाला पुढच्या वर्षाचा अंदाज तरी बांधता आला.

भारताचा संबंध काय?

क्रिमिया बळकावल्यानंतरची रशियाची पावले आणि अमेरिकी निवडणुकीतील हस्तक्षेप यांना उत्तर म्हणून काँग्रेसने २०१७ मध्ये ‘काट्सा’ हा निर्बंध कायदा केला. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध २, प्रतिनिधिगृहात ४१९ विरुद्ध ३. ट्रम्प यांनी नाराजीनेच सही केली. रशियाकडून मोठी शस्त्रखरेदी करणाऱ्या देशांवर निर्बंधांची तरतूद त्यात आहे. २०१८ मध्ये भारताने एस-४०० हवाई संरक्षण प्रणालीचा करार केला आणि ती टांगती तलवार आपल्यावरही आली. याच प्रणालीसाठी तुर्कस्तानवर डिसेंबर २०२० मध्ये निर्बंध लादले गेले, भारतावर नाही. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात घराघरांत पोहोचलेले एस-४०० हे नाव ते हेच.

म्हणजे दूरच्या सभागृहात मोजली जाणारी मते आपल्या आकाशापर्यंत येतात. म्हणूनच युक्रेनच्या मदतीची पुढची बातमी वाचताना रक्कम किती जाहीर झाली, एवढ्यावर थांबू नका. मतदान झाले का, पैसा किती वर्षांसाठी आहे आणि तो रोखण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, हे तीन प्रश्न विचारा. एप्रिल २०२४ मध्ये त्रिपिल्याला नडले ते याच प्रश्नांचे उत्तर.