आईचा वेळ

"आईला काय, वेळच वेळ आहे," हे वाक्य मी स्वतः बोललेलो आहे. पुण्यात, चार मित्रांसमोर. ते आता परत घेतो.

आई माण तालुक्यात आमच्या जुन्या घरात एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आधाराशिवाय उठता येत नाही. गावातलीच एक बाई सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला येते. अंघोळ, भाकरी, गोळ्या उरकून तासाभरात जाते. मी महिन्याला फोनवरून पैसे पाठवतो आणि लोकांना 'सोय केलीय' म्हणून सांगतो.

मे महिन्यात आठ दिवस राहिलो तेव्हा ही सोय बघितली. आई पहाटे चारला जागी होते. जात्यावर बसायची जन्माची सवय. चार ते नऊ दाराकडं बघत पडून असते. उशाशी तांब्या भरलेला, पण पाणी पीत नाही. म्हटलं, का गं? "प्यालं की उठावं लागतं. न्यायला कोण हाय?" मी आहे की, म्हटलं. "तू आट दिस हाईस. सवय मोडली तर मागनं काय करू?"

माणदेशातल्या उन्हाळ्यात माझी आई घड्याळ बघून तहान धरते, आणि आम्ही म्हणतो तिला वेळच वेळ आहे!

एक दिवस बाई दोन तास उशिरा आली. तिची नात तापली होती, तिला तरी काय बोलणार. आई हूं की चूं बोलली नाही. बोललं आणि यायची बंद झाली तर? जिच्या एका हाकेवर बारा बाया भांगलायला वावरात उतरायच्या, ती ही बाई.

2007 साली आईबापांच्या पोटगीचा कायदा झाला. त्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी सगळं आहे, महिन्याला 10,000 रुपयांची कमाल मर्यादासुद्धा आहे. वाट बघण्याचा हिशेब नाही. गावही तसंच, "पोरगं पैसं धाडतंय की," म्हणून मोकळं. पण कायद्याला आणि गावाला कशाला नावं ठेवू? नऊ ही वेळ ठरवली कुणी? मी. फोनवरून, ऑफिसला जाता जाता. ज्या बाईचा दिवस त्यावर चालणार होता तिला विचारलंच नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी विचारलं. आई म्हणाली, "तांबडं फुटायला आली तर बरं हुईल."

बाईला तेवढ्या लवकर जमत नाही, तिचंही घर आहे. थोडे पैसे वाढवले, आता ती सहाला येते. चार ते सहा आई अजून दाराकडं बघत असते.