पाठीमागचा लहान दिवा

शाळेच्या वार्षिकांत विद्या, चारित्र्य, देशसेवा अशा मोठ्या विषयांवर लिहिण्याची वहिवाट आहे. आम्ही मात्र यंदा एका अगदीं लहान वस्तूविषयीं लिहिणार आहों. मोटारसायकलीच्या मागच्या नंबर प्लेटवर उजेड टाकणारा जो बोटभर दिवा असतो, तो गळून पडला तर काय करावें, हा आमचा विषय. वाचकांस हंसूं येईल. परंतु शेवटपर्यंत वाचल्यावर तें हंसूं टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही तळोद्याहून चांदसैली घाटानें धडगांवास जाऊन परत आलों, तों आमच्या गाडीचा हा दिवा जागेवर नव्हता. तो कोठें पडला तें कळलें नाहीं. कारण गाडी हांकणारास तो दिवा कधींच दिसत नाहीं. दुसरे दिवशीं नववींतील एका विद्यार्थ्यानें तुटकी वायर लोंबतांना पाहून आम्हांस सांगितलें. "पुढचा दिवा शाबूत आहे ना, मग झालें," असें म्हणून आम्हीं ती वायर आंत खोंचून दिली, आणि महिनाभर तसेच फिरत राहिलों. शिक्षकानें स्वतःची चूक विद्यार्थ्यांपासून लपवूं नये, म्हणून ती येथें नमूद करतों.

आमचे डोळे उघडले ते एका शेतमजुराच्या हकीकतीनें. ऊंसतोडीच्या दिवसांत हे गृहस्थ शहाद्याकडील रस्त्यानें रात्रीं पायीं घरीं परतत असतां मागून आलेल्या मोटारसायकलीनें त्यांस उडविलें, व ती न थांबतां निघून गेली. पाय मोडला. बरोबरच्या दोघांनीं धांवत जाऊन नंबर वाचण्याचा प्रयत्न केला. तांबडा दिवा दूरपर्यंत दिसत होता, पण त्याखालीं काळोख होता. आम्ही भेटीस गेलों तेव्हां त्यांची पत्नी म्हणाली, "गुरुजी, गाडी डोळ्यांसमोरून गेली, पण तिचें नांव सांगतां येत नाहीं." ज्यानें त्यांस उडविलें त्याच्यांत व आमच्यांत फरक होता, हें खरें, तथापि आमच्याही गाडीस त्या महिन्यांत रात्रीं नांव नव्हतें. त्या माउलीसमोर बसलों असतां हा विचार आमच्या मनांतून जाईना.

नंबर कळणें आणि न कळणें यांत केवढें अंतर आहे, तें पालकांनीं नीट समजून घ्यावें. गाडी ओळखतां आली तर जखमी माणसास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. औषधोपचार, बुडालेली मजुरी, कायमचें अधूपण या सर्वांचा तेथें विचार होतो. गाडी ओळखतांच आली नाहीं तर कायद्यांत ठरीव रक्कम आहे. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूबद्दल २ लाख रुपये व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये आहे. त्यापूर्वीं ती अनुक्रमें २५ हजार व १२ हजार ५०० रुपये एवढीच होती. मोडलेल्या पायाचा माणूस किती महिने घरीं बसतो, याचा हिशेब त्या ठरीव रकमेस ठाऊक नसतो. म्हणजे एका लहान दिव्याच्या उजेडावर एखाद्या घराची चूल अवलंबून राहूं शकते.

गाडीस नंबर असावा ही कल्पना आजची नव्हे. पॅरिस शहराच्या पोलिसांनीं १८९३ सालींच तसा हुकूम काढला होता. आपल्याकडील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें मोटारसायकलीच्या मागील पाटीवरील आंकडे ४० मिलीमीटर उंचीचे हवेत, आणि रात्रीं त्यांवर पांढरा उजेड असा पडावा कीं पंधरा मीटरांवरून सर्व नंबर वाचतां यावा. आमच्या जिल्ह्याच्या गाड्यांवर एम. एच. ३९ हीं अक्षरें आपण अभिमानानें लावतों. तीं सूर्यास्तानंतर पुसलीं जावींत काय?

आतां हा दिवा पडतो कां? एंजिनाची थरथर व रस्त्याचे खड्डे हीं मुख्य कारणें. मागच्या मडगार्डचें टोंक लांब व लवचिक असतें; तें सारखें हेलकावत असल्यामुळें नट ढिला होतो, रबर झिजतें, आणि अखेरीस प्लास्टिकचा कान पिचतो.

दुरुस्ती अवघड नाहीं. त्याच विद्यार्थ्याच्या मदतीनें आम्हीं ती केली. दिवा सांपडला असून काच शाबूत असेल तर नव्याची गरज नाहीं. जुन्या नटाऐवजीं आंत नायलॉनचें कडें असलेला नट लावावा, म्हणजे तो थरथरीनें सुटत नाहीं. दिवा व मडगार्ड यांमध्यें रबराचा वायसर घालावा. आमच्या विद्यार्थ्यानें तो सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून काढला. नट बेतानेंच आवळावा, नाहीं तर प्लास्टिक फुटतें. कान तुटला असल्यास मागें पत्र्याची पट्टी बसवावी. नुसत्या चिकटविण्यावर भिस्त ठेवूं नये. नवा दिवा घेणें झाल्यास तो १२ व्होल्टचा, मूळच्याच वॅटचा व पांढऱ्याच उजेडाचा घ्यावा. वायर ताणून जोडूं नये, थोडी सैल सोडावी. उघडी वायर लोंबूं देणें तर फार वाईट. ती गाडीच्या सांगाड्यास लागली कीं फ्यूज जातो, आणि पुष्कळ गाड्यांत मागचा तांबडा दिवाही त्याच फ्यूजवर असल्यामुळें तोही विझतो. आम्हीं वायर आंत खोंचून दिली, तेव्हां हाच धोका पत्करला होता.

पुष्कळ साध्या गाड्यांस निराळा दिवा नसून तांबड्या दिव्याच्या तळाशींच एक पारदर्शक काच असते. तेथें चिखल बसला असेल तर ओल्या फडक्यानेंच काम भागतें. शेवटीं संध्याकाळीं गाडी सुरू ठेवून वीस पावलें मागें जावें व नंबर वाचून पाहावा. आठ दिवसांनीं नट पुन्हां तपासावा.

कांहीं तरुण हा दिवा पडण्याची वाटही पाहत नाहींत. गाडी ऐटदार दिसावी म्हणून मडगार्डचा मागचा भाग ते हौसेनें कापून टाकतात. कोणी म्हणतात, नंबर न दिसला तर बरेंच, दंडाची पावती घरीं येणार नाहीं. या दुसऱ्या म्हणण्याचें आम्हांस अधिक दुःख होतें. आपण कोण आहों हें लोकांस कळूं नये अशी इच्छा ज्यास होते, त्यानें अपराध करण्यापूर्वींच पळण्याची तयारी केली असें आम्ही समजतों. गरिबीची सबबही येथें लागू पडत नाहीं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोणत्या घरीं नाहीं? आणि ज्या पालकांनीं अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं मोटारसायकल दिली आहे, त्यांनीं आधीं ती परत घ्यावी, मग दिव्याचें पाहावें.

पुढचा दिवा आपली वाट दाखवितो, म्हणून तो विझला तर आपण लगेच थांबतों. मागचा दिवा आपल्या उपयोगाचा नाहीं. तो आपल्या मागून येणाऱ्याच्या, रस्त्यावर पडलेल्याच्या उपयोगाचा आहे. तो विझल्याची खबर आपणांस दुसऱ्यानेंच द्यावी लागते. आमच्या विद्यार्थ्यांनीं ती खबर देण्यास संकोचूं नये, समोर गुरुजी असले तरीही. आणि आम्हां वडील मंडळींनीं ती ऐकून महिनाभर वाट पाहूं नये.