ढेकणांसाठी विषारी गोळ्या घरात आणू नका!

सर्व रहिवासी, वसतिगृहातले विद्यार्थी आणि घरमालक यांना कळकळीचे आवाहन

घरात ढेकूण झाले की लाजेपोटी माणसे आधी ते लपवतात. मग झोपेचे खोबरे झाले की वैतागून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणून पलंगाखाली ठेवतात. या गोळ्या धान्याच्या गोदामासाठी असतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि फटींतून शेजारच्या खोलीतही शिरतो. त्यावर उतारा नाही. आपल्या देशात या गोळ्यांनी लहान मुलांसह अनेकांचे बळी घेतले आहेत. ढेकणाच्या चावण्याने मात्र कोणी मरत नाही. त्याच्यामुळे रोग पसरतो असेही सिद्ध झालेले नाही.

म्हणून आधी खात्री करा. नुसत्या गांधीवरून ढेकूण ओळखता येत नाही; डास चावल्यावरही तशीच गांध उठते. बॅटरी घेऊन गादीची शिवण उलगडून पाहा. पलंगाचे सांधे, प्लायवूडच्या खाचा, भिंतीवरच्या तसबिरींच्या मागची बाजू तपासा. मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तांबूस किडा. एक मिलिमीटरची पांढरी अंडी. पिलांनी टाकलेल्या फिकट काती. आणि काळे ठिपके. ठिपक्यावर ओले फडके फिरवले आणि तांबूस डाग पसरला, तर ती ढेकणाची विष्ठा समजा.

ढेकूण सापडले तर:

• चादरी, अभ्रे गरम पाण्यात धुवा. लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळते पाणी जपून ओता.
• रॉकेल शिंपडू नका, आग लागेल.
• परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दुसरी फवारणी चुकवू नका.
• शेजाऱ्यांना सांगा. स्वच्छ घरातही ढेकूण सामानाबरोबर येतात, यात लाजण्यासारखे काही नाही. एकट्याच्या घरात फवारून चाळीतले ढेकूण जात नाहीत.
• घरमालकांनो, तक्रार करणाऱ्या भाडेकरूला दोष देऊ नका. फवारणी करून घ्या.

कोणी गोळ्या ठेवल्या असतील आणि उलट्या, चक्कर, छातीत दडपण किंवा धाप सुरू झाली, तर अन्नातून बाधा झाली असेल म्हणून थांबू नका. सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना गोळ्यांचे नाव सांगा. गोळ्या उचलायला पुन्हा आत जाऊ नका.