रानडुकराला न भिणारा वाघ्या कूलरला भितो!

काटोलकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "काका, आमचा वाघ्या रात्री संत्र्याच्या बागेत रानडुकरावर धावून जातो. पण घरात कूलर सुरू झाला की शेपूट पायात घालून पळतो आणि भर उन्हात बंडीखाली जाऊन पडतो. मिक्सर लावला तरी तेच. घरचे हसतात. मला मात्र वाटते, हा एखाद्या दिवशी उन्हानेच जाईल."

ताई, तुमची काळजी रास्त आहे. आपल्या नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढतो. तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. तो शिकेपर्यंत गोठ्यात सावलीची जागा आणि पाण्याचे भांडे त्याच्यासाठी राखून ठेवा.

वाघ्या भित्रा नाही. डुकराचा त्याला वास येतो, ते दिसते आणि अंगावर गेले की पळते. यंत्राला वास नाही, ते पळतही नाही, नुसते ओरडते. शिवाय माणसाला सेकंदाला फार तर २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४० हजारांच्याही पुढचा. आपल्याला न ऐकू येणारी किरकिर त्याच्या कानात शिरत असते.

आधी दोन गोष्टी तपासा. कूलर लोखंडी असेल तर त्याचे अर्थिंग वायरमनकडून पाहून घ्या. ओल्या फरशीवर वाघ्याला कधी झटका बसला असेल, तर त्याचे भिणे खरे आहे, आणि उद्या तोच झटका घरातल्या लेकराला बसू शकतो. दुसरे, ही भीती अलीकडे अचानक सुरू झाली असेल, तर कान दुखत नाही ना, हे जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता उपाय. गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी भरल्या बंडीला जुंपतो का? आधी नुसते जू, मग रिकामी बंडी, मग ओझे. इथेही तसेच करायचे.

पहिले दोन-तीन दिवस कूलर बंद ठेवून त्याच्याजवळ भाकरीचे तुकडे टाका. त्याला हुंगू द्या. मग वाघ्याला दूर अंगणात घेऊन बसा आणि घरातल्या कुणाला तरी कूलर कमी वेगावर लावायला सांगा. आवाज सुरू झाला की लगेच तुकडा द्या, आवाज थांबला की तुकडेही थांबवा. हा क्रम चुकवू नका. पचनावरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळालेले रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी हेच दाखवले होते. आवाजामागून खाणे येते हे कळले, की नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते.

रोज दोन वेळा, दोन-तीन मिनिटे पुरेत. तो निवांत खात असेल तरच दुसऱ्या दिवशी दोन पावले पुढे सरका. कान मागे पाडले, ओठ चाटू लागला किंवा तुकडा सोडला, तर पुन्हा मागे या. भाकरीला कांदा-लसणाचे कालवण लावू नका, ते कुत्र्याला बाधते. कूलर जमला की याच रीतीने मिक्सर.

त्याला दाव्याने ओढत कूलरजवळ बांधू नका, मारू नका. तसे केल्यास भीती दुप्पट होते, आणि घाबरलेला कुत्रा घरच्यालाही चावतो. दार उघडे ठेवा. पळायला वाट आहे हे कळले, की तो थांबायला शिकतो. घाबरून जवळ आला तर अंगावरून हात फिरवा. लाडाने भीती वाढत नाही.

काहींना आठ दिवस लागतात, काहींना दोन महिने. घाई नको. वाघ्या दुपारी घरात झोपू लागला, की एक पोस्टकार्ड जरूर टाका.